ओळखीची परीक्षा

रहस्यकथेला आपल्या सुशिक्षित घरांत आजवर मानाचे पान मिळालेले नाही. ज्या घरात ज्ञानेश्वरी चौरंगावर असते आणि गीतारहस्य फडताळाच्या वरच्या खणात असते, त्याच घरात रहस्यकथेचे पुस्तक बहुधा उशीखाली सापडते. वडीलधाऱ्यांनी ते मुलांच्या हातून काढून घ्यावे आणि सर्व मंडळी दुपारी लवंडली असता स्वतःच वाचून संपवावे, हा क्रम आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. वास्तविक या वाङ्मयप्रकाराचा इतका विटाळ मानण्याचे कारण नाही. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी वेष चढवून त्या महाराष्ट्राच्या हाती देणारे गो. ना. दातार हे शास्त्री होते. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार व काळा पहाड यांच्या नादाने कितीएक मुलांना वाचनाची गोडी लागली. छत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविल्यावर आमचा अनुभव असा आहे की, जो मुलगा चोरून झुंजारकथा वाचीत असे, तो पुढे निदान वाचीत तरी राहिला.

तथापि रहस्यकथेतही दोन जाती आहेत. पहिल्या जातीत रहस्य माणसांच्या बाहेर असते. खून कोणी केला, ठेवा कोठे पुरला, भुयाराचे तोंड कोठे उघडते, एवढेच कळावयाचे असते. ते कळले की पुस्तक मिटावे आणि जेवावयास बसावे. दुसऱ्या जातीत रहस्य माणसाच्या मनात असते. ज्या मनुष्याला मी ओळखतो असे धरून मी इतकी वर्षे संसार केला, त्याला मी खरोखर ओळखतो काय, असा प्रश्न तेथे उभा राहतो. पुस्तक मिटले तरी तो मिटत नाही. जेवावयास बसल्यावर ताटापलीकडच्या माणसाकडे आपण क्षणभर निराळ्या नजरेने पाहतो. या दुसऱ्या जातीला मानसशास्त्रीय रहस्यकथा म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीत या जातीचे जे थोडे उत्तम नमुने आहेत, त्यांत जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीची गणना आम्ही करतो.

कादंबरीचे नाव आजच्या तरुण वाचकांस कदाचित अपरिचित वाटेल. परंतु तिची कथा त्यांना ठाऊक असण्याचा संभव फार आहे. हिच्यावरूनच राजा परांजपे यांनी १९६४ साली 'पाठलाग' हा मराठी चित्रपट काढला. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या भूमिका आणि गदिमांची गीते यांमुळे तो चित्रपट घरोघर पोचला. पाठोपाठ १९६६ साली राज खोसला यांनी त्याच कथेवरून हिंदीत 'मेरा साया' काढला व सुनील दत्त आणि साधना यांनी ती कथा सबंध देशाला परिचित करून दिली. कादंबरी व दोन चित्रपट यांच्या तपशिलांत फरक असावयाचेच. आम्ही येथे कथेच्या गाभ्याविषयी बोलणार आहोत, आणि जेथे पात्रांची नावे घेणे भाग आहे तेथे सर्वांच्या ओळखीच्या हिंदी रूपातील नावे घेणार आहोत. रहस्य फोडल्याखेरीज आम्हांस आमचा अभिप्राय मांडता येणार नाही. ज्यांनी यांपैकी काहीच पाहिले-वाचलेले नाही त्यांनी आधी ते काम उरकून मगच हा लेख हाती घ्यावा, हे बरे.

कथा थोडक्यात अशी. एक नामांकित वकील आहे. त्याची प्रिय पत्नी गीता आजारी पडते आणि त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच हातांत प्राण सोडते. तो शोकात बुडालेला असता पोलीस त्यास कळवितात की, दरोडेखोरांच्या टोळीतील एक स्त्री पकडली गेली आहे. ती हुबेहूब तुमच्या पत्नीसारखी दिसते आणि मी त्यांची पत्नीच आहे असे सांगते. पोलीस तिला रैना म्हणतात. खटला उभा राहतो. स्वतःच्या हाताने जिला निरोप दिला, तिचे नाव सांगणाऱ्या या बाईचे ढोंग उघडे करावे म्हणून वकील स्वतः तिची उलटतपासणी घेतो. आणि मग जे होऊ नये ते होऊ लागते. दोघांखेरीज कोणासही ठाऊक नसलेल्या संसारातील गोष्टी ती एकामागून एक सांगत सुटते. प्रत्येक उत्तरासरशी वकिलाच्या पायाखालची जमीन थोडी थोडी सरकते. डोळ्यांनी पाहिलेले मरण खरे, की कानांनी ऐकत असलेला हा ओळखीचा आवाज खरा?

या कथेचे सामर्थ्य आमच्या मते येथेच आहे. सामान्य रहस्यकथेत शोध घेणारा मनुष्य तटस्थ असतो. मेलेला त्याचा कोणी लागत नाही. येथे प्रश्न विचारणाराच खरा आरोपी आहे. ती बाई खोटी ठरली तर त्याचे दुःख तेवढे शाबूत राहील. खरी ठरली तर, आपण आपल्या पत्नीस ओळखले नाही, तुरुंगात पाहूनही ओळखले नाही, भर न्यायालयात तिला दरोडेखोरीण म्हटले, हे त्यास पत्करावे लागेल. म्हणून तो प्रश्न विचारतो ते सत्य कळावे म्हणून नव्हे, तर आपले पूर्वीचे मत टिकावे म्हणून. मनुष्याची बुद्धी आपल्या भीतीची वकिली कशी करते, याचे इतके स्वच्छ चित्र मराठी रहस्यकथेत आम्ही दुसरे पाहिले नाही. आणखी एक बारीक गोष्ट पाहावी. उत्तर चुकले तर ती खोटी ठरावयाची हे उघडच आहे. परंतु उत्तर बरोबर आले तरी संशय फिटत नाही, उलट वाढतो. 'इतके हिला कसे ठाऊक? कोणी पढविले?' असे मन म्हणू लागते. ज्या परीक्षेत चुकणाराही नापास आणि बरोबर सांगणाराही नापास, ती परीक्षा घेणाराचे मन काय दर्जाचे असेल, हे आमच्यासारख्या परीक्षा घेण्यात आयुष्य गेलेल्या मनुष्यास विशेष जाणवले.

आमच्या घरी या कथेवर चर्चा झाली तेव्हा आमच्या सूनबाईंनी एक मार्मिक शंका काढली. त्या म्हणाल्या, "मामा, त्या वकिलाने तिला इतके प्रश्न विचारले, पण ज्याचं उत्तर त्याला आधी ठाऊक नव्हतं असा एक तरी विचारला का? एवढे दिवस तू कुठे होतीस, काय सोसलंस, जेवलीस का, हे त्याच्या तोंडून आलंच नाही." आम्ही निरुत्तर झालो. ओळख पटविण्यासाठी विचारलेले प्रश्न आणि मायेने विचारलेले प्रश्न यांतील भेद आमच्या संस्कृताच्या पोथ्यांनी आम्हांस इतक्या थोडक्या शब्दांत सांगितलेला नव्हता.

पोथ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ही कथा वाचताना कोणाही संस्कृतज्ञास शाकुंतलाचा पाचवा अंक आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही भर सभा आहे. तेथेही पुरुष न्यायासनावर आहे आणि पत्नी समोर उभी राहून आपण पत्नी असल्याचे सांगत आहे. शकुंतलेजवळची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात गळून पडलेली आहे. कागदोपत्री म्हणावा असा पुरावा नाहीसा झाल्यावर ती काय करते? तीही दोघांनाच ठाऊक असलेली एक गोष्ट सांगू लागते. दीर्घापांग नावाचे हरिणाचे पाडस राजाच्या हातून पाणी पिईना, ते तिच्या हातून प्याले, आणि त्यावर राजा काय म्हणून हसला होता, ती सगळी आठवण ती त्याच्यापुढे मांडते. राजा ती ऐकतो आणि स्त्रियांच्या उपजत धूर्तपणावर व्याख्यान देतो. येथेही उत्तर बरोबर आले म्हणूनच संशय बळावला. दोन हजार वर्षांच्या आसपासचे अंतर मधे असूनही देवकुळे यांची आशा आणि कालिदासाची शकुंतला एकाच पिंजऱ्यात उभ्या आहेत.

परंतु शाकुंतलाची ही तुलना कादंबरीच्या गुणांप्रमाणे तिचा दोषही दाखविते. कालिदासाने राजाच्या विस्मरणास दुर्वासाच्या शापाचे कारण दिले. ही योजना त्याची स्वतःची आहे. महाभारतातील मूळ आख्यानात शाप नाही आणि अंगठीही नाही. तेथे दुष्यंताला सर्व काही आठवत असते. आठवत असूनही तो शकुंतलेला ओळखत नाही असे म्हणतो, आणि आकाशवाणी झाल्यावर कबूल करतो की, केवळ तुझ्या शब्दावर मुलाचा स्वीकार केला असता तर लोकांनी संशय घेतला असता. व्यासांचा राजा लोकांना भ्याला. कालिदासाने आपल्या नायकावरचा तो डाग शापाच्या पाण्याने धुऊन टाकला. नाटक त्यामुळे अधिक सुंदर झाले यात शंका नाही, परंतु राजा स्वस्तात सुटला.

'आशा परत येते' या कथेत शापाचे काम जुळी बहीण करते. शेवटी उलगडा होतो तो असा की, मेली ती पत्नी नव्हेच. तिची हुबेहूब जुळी बहीण होती, आणि दरोडेखोरांनी खऱ्या पत्नीस ती बहीण समजून पळवून नेले होते. मग कोणाचाच दोष उरत नाही. वकिलाचे डोळे फसले हे साहजिकच ठरते, कारण चेहरा एकच होता. न्यायालय चुकले तेही साहजिक. वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पतिपत्नींचे मीलन पाहून डोळे पुसतो. रहस्यकथेच्या बांधणीच्या दृष्टीने तोडगा बिनतोड आहे हे आम्ही मान्य करतो. सर्व धागे जुळतात. परंतु जो जळजळीत प्रश्न लेखकाने दीडशे-दोनशे पानांत चेतविला, त्यावर या तोडग्याने पाणी ओतले असे आम्हांस वाटते. जुळी बहीण नसती तर? चेहरा आजाराने, हालांनी किंवा काळाने बदललेला असता आणि केवळ माणूस तेच असते, तर त्या वकिलाने तीस ओळखले असते काय? या प्रश्नाचे उत्तर कादंबरीने द्यावयास हवे होते.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आमचा अभिप्राय एकांगी होईल. पुराव्यावाचून कोणासही आपले माणूस म्हणून घरात घ्यावे, असे शहाणा मनुष्य सांगणार नाही. महाराष्ट्राने हा धडा फार महागात घेतलेला आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु पुढे भाऊसाहेब म्हणवून घेणारा एक तोतया निघाला, त्याला माणसे मिळाली, किल्ले मिळाले, आणि १७७६ साली तो पकडला जाऊन पुण्यात देहान्त शासन पावेपर्यंत त्याने कारभाऱ्यांची झोप उडविली. नरसिंह चिंतामण केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आहे. लोक त्यास भुलले याचे कारण लोक मूर्ख होते असे नव्हे. पानिपतावर ज्याचे कोणी गेले नाही असे घर महाराष्ट्रात थोडेच होते, आणि भाऊ परत येऊ शकतात तर आपलाही परत येईल, ही आशा त्या विश्वासाच्या तळाशी होती. खुद्द भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी मरेपर्यंत सौभाग्यलेणे उतरविले नाही. आशेला पुराव्याचा लगाम नसेल तर काय होते, याचा हा दाखला.

उलट बाजूचा दाखला बंगालात भावलच्या जमीनदारीत घडला. तेथील मधला कुमार १९०९ साली दार्जिलिंगला मरण पावला असे जाहीर झाले. १९२१ साली एक संन्यासी आला आणि आपणच तो कुमार असल्याचे त्याने सांगितले. बहिणीने त्याला ओळखले. पत्नीने अखेरपर्यंत ओळखले नाही. अंगावरच्या खुणांपासून बोलण्याच्या लकबीपर्यंत सर्व गोष्टींचा कीस काढून १९३६ साली न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी निकाल त्याच्या बाजूने दिला आणि १९४६ साली तो लंडनला प्रिव्ही कौन्सिलातही टिकला. निकालानंतर थोड्याच दिवसांत कुमार वारला. न्यायालयाने त्याचे नाव आणि हक्क परत केले. घर परत देणे न्यायालयाच्या हाती नव्हते.

या दोन दाखल्यांवरून आम्ही इतकेच समजलो आहो की, ओळखीची परीक्षा घेणे हा दोष नव्हे. ती कोणत्या इच्छेने घेतली जाते यावर सर्व अवलंबून आहे. नलाख्यानातील दमयंतीही परीक्षाच घेते. कर्कोटकाच्या दंशाने नलाचे रूप पालटलेले आहे, तो बाहुक या नावाने सारथी व आचारी म्हणून राहिला आहे. चेहऱ्याचा पुरावा संपूर्ण विरुद्ध आहे! तरीही दमयंती दासीला पाठवून त्याचे वागणे न्याहाळते, त्याने शिजविलेले अन्न मागवून चाखते, मुलांना त्याच्यापुढे धाडते. तिची परीक्षा वकिलाच्या परीक्षेहून कडक आहे; परंतु ती नल सापडावा म्हणून घेतलेली आहे. सापडू नये म्हणून घेतलेली परीक्षा आणि सापडावा म्हणून घेतलेली परीक्षा यांत जो फरक आहे, तोच दुष्यंत आणि दमयंती यांत आहे.

आमच्या मनात ही कादंबरी इतकी खोल का रुतली, हे सांगावयाचे तर आमच्या पत्त्याकडे वळावे लागते. आम्ही ठाण्यास वागळे इस्टेटीत राहतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, त्याच्या आरंभकाळापासूनची ही कारखान्यांची वसाहत. भोंग्यावर घड्याळ लावण्याचे दिवस सरले आणि कितीएक कारखान्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या आल्या. येथून जवळच मनोरुग्णालय आहे. ते १९०१ सालचे. नरोत्तमदास माधवदास यांचे नाव त्यास दिलेले होते. महाराष्ट्रभर कोणी विक्षिप्त वागला की 'याला ठाण्याला पाठवा' असे जे म्हणतात, ते याच रुग्णालयामुळे. आमचे विद्यार्थी परगावी सोयऱ्यांकडे गेले आणि ठाण्याहून आलो म्हणाले की पहिला विनोद ठरलेला असे. विनोद करणाराला आपण कोणावर हसतो आहोत हे ठाऊक नसे.

रहस्यकथाकारांनी या विनोदाला भीतीचे रूप दिले. त्यांच्या लेखी वेड म्हणजे गोष्टीचा सोयीस्कर दोरा. तो पाहिजे तेथे ताणावा, पाहिजे तेथे तोडावा. वेड्याने खून करावा, वेड्याने मध्यरात्री हसावे, शहाण्याने वेडाचे सोंग घ्यावे, आणि वेड्यांचे इस्पितळ म्हणजे गजांमागचा काळोख, असा साचा देशी-विदेशी रहस्यकथांतून आम्ही वाचीत आलो आहोत. 'मेरा साया'तही रैना साक्षीच्या ताणाने खचते आणि तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. तेथून ती रात्री निसटून पतीच्या घरी येते व सर्व खुलासा करते. पडद्यावर हा प्रसंग कथेला वेग देण्यापुरता आहे. परंतु आम्ही जेथे राहतो तेथून पाहिले असता सगळ्या कथेत हाच प्रसंग सर्वांत खरा वाटतो. एक बाई शपथेवर खरे सांगत होती. ती जितके खरे सांगे तितकी लोकांना खोटी वाटे. शेवटी तिच्या खऱ्याला वेड हे नाव मिळाले.

हे केवळ कादंबरीत घडते असे कोणी समजू नये. मनोरुग्णालयांतून पूर्ण बरी झालेली, औषध वेळेवर घेणारी, आपले नाव, गाव, आळी, घराचा दरवाजा कोणत्या दिशेला आहे हे बिनचूक सांगणारी माणसे वर्षानुवर्षे पडून राहिलेली आढळतात. पत्ता सापडत नाही म्हणून नव्हे. पत्त्यावर पत्र जाते, मनुष्य जातो, आणि दारातून उत्तर मिळते की अशा नावाचे आमचे कोणी नाही. येथे जुळी बहीण नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. व्यासांचा दुष्यंत जसा सर्व आठवत असून लोकांना भ्याला, तशीच ही घरे मुलीच्या लग्नाला, वाटणीच्या कागदांना आणि शेजारच्या कुजबुजीला भितात. आमच्या वागळे इस्टेटीत पासपोर्टाची कचेरीही आहे. मी तो मीच, हे सिद्ध करण्यासाठी माणसे कागदांची भेंडोळी घेऊन सकाळपासून तेथे रांगेत उभी असतात. त्या रांगेजवळून जाताना आम्हांस नेहमी वाटते की, याच गावात अशीही माणसे आहेत, ज्यांना स्वतःविषयी काडीचीही शंका नाही. त्यांना उणीव आहे ती समोर उभे राहून 'होय, ही आमचीच' म्हणणाऱ्या एका माणसाची.

एका कुटुंबाची हकीकत आम्हांस जवळून ठाऊक आहे. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही. घर मोठे, एकत्र, सुशिक्षित. धाकट्या सुनेला दुसऱ्या बाळंतपणानंतर भ्रम झाला. अपत्यजन्मानंतर काही स्त्रियांना असा विकार होतो आणि योग्य उपचारांनी तो बहुतेक बराही होतो, हे आज वैद्यक निश्चितपणे सांगते. पण घर घाबरले. ती चार महिने इस्पितळात राहिली आणि बरी होऊन आली. आली त्या संध्याकाळी माजघरात सगळे जमले आणि प्रश्न सुरू झाले. मला ओळखलंस का? मी कोण? तुझ्या थोरल्या मुलाचा वाढदिवस कधी? दिवाळीला तुला साडी कोणत्या रंगाची घेतली होती? तिने सगळी उत्तरे बरोबर दिली. तेव्हा कोणी हळूच म्हणाले, 'पाठ करून आलेली दिसते.' ती बिचारी गप्प झाली. आणि ती गप्प झालेली पाहून दुसरे कोणी म्हणाले, 'पाहा, अजून पुरती बरी नाही.' इतका वेळ कोपऱ्यात माळ ओढीत बसलेल्या थोरल्या सासूबाई तेव्हा उठल्या. त्या म्हणाल्या, "पुरे झाली परीक्षा. अगं, दमून आली असशील. हातपाय धू, आधी चहा घे, आणि मग जमलं तर कणीक भिजव. तुझ्या हातच्या पोळ्या खाऊन चार महिने झाले." ती सून आज त्या घरची कर्ती बाई आहे. सासूबाई पाचवी इयत्ताही शिकलेल्या नव्हत्या. दमयंतीची गोष्ट त्यांनी कीर्तनात ऐकली असेल.

आता कायदाही या सासूबाईंच्या बाजूने आला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. १९१२ च्या जुन्या कायद्याचे नावच वेड्यांविषयीचा कायदा असे होते. १९८७ साली तो जाऊन नवा आला, आणि २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याची जागा घेतली. या कायद्याने असे स्पष्ट म्हटले आहे की, केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही किंवा राहावयास घर नाही एवढ्याच कारणाने कोणासही मनोरुग्णालयात ठेवून घेता कामा नये. समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे. हक्क कागदावर आला. तो उंबऱ्याच्या आत नेण्याचे काम आपल्याकडे राहिले आहे.

ते काम अशक्य नाही, याचाही पुरावा जवळच आहे. कल्याणहून पुढे कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणावयाचे, औषधपाणी करावयाचे, आणि शुद्धीवर येऊन त्यांनी गावाचे नाव सांगितले की देशाच्या कोणत्याही टोकाला असलेल्या घरी नेऊन पोचवावयाचे, असे हे कार्य आहे. २०१८ साली त्यासाठी डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा रीतीने हजारो माणसे आपापल्या घरी परतली आहेत. ज्याच्या नावाने घरच्यांनी आशा सोडली असेल, तो मनुष्य एके दिवशी अंगणात उभा राहतो. यापेक्षा थरारक प्रकरण कोणत्या रहस्यकथेत आहे? आणि त्या अंगणात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावर त्या प्रकरणाचा शेवट ठरतो.

असो. पुस्तकाचा अभिप्राय लिहावयास बसलो आणि पुष्कळ दूर आलो, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या पुस्तकाने वाचकाला स्वतःच्या गल्लीपर्यंत आणून सोडले नाही, त्याचा अभिप्राय तरी काय लिहावयाचा? 'आशा परत येते' ही कादंबरी शेवटाकडे आपल्याच प्रश्नाला भ्याली, हे आमचे मत कायम आहे. जुळ्या बहिणीच्या युक्तीने तिने नायकाला आणि वाचकाला दोघांनाही सोडून दिले. तथापि न्यायालयातील ती उलटतपासणी जोवर मराठी वाचकांच्या स्मरणात आहे, तोवर या कथेचे ऋण मानले पाहिजे. कादंबरी मिळाली तर ती मिळवावी, नाहीतर 'पाठलाग' सर्वांनी एकत्र बसून पाहावा, आणि उलटतपासणी संपताच तो मध्येच थांबवून घरातील प्रत्येकास, विशेषतः सुनांना आणि म्हाताऱ्यांना, विचारावे की, तुम्ही त्या जागी असता तर पहिला प्रश्न कोणता विचारला असता. आमच्या घरी सहा जणांनी सहा प्रश्न सांगितले. त्यांपैकी पाच पुराव्याचे होते.